गाडी चढावर दम सोडते, चेक लाईट येते, चावी बंद-चालू केली की ठीक: फिल्टर आन् सायलेन्सर बदलल्यानंतरचा त्रास शेवटी कुठं सापडला

आधी त्रास काय होता ते सांगतो, म्हणजे ज्याचं लक्षण जुळते त्यानं पुढं वाचावं. गाडी गावात आन् सपाट रोडवर एकदम ओके. पण चढ लागला, आत पाच माणसं असली आन् तिसऱ्या गिअरमध्ये २२००-२३०० आरपीएमच्या वर दाबून धरली की मागून कोणी दोर बांधून ओढल्यावाणी दबते, पिवळी चेक लाईट पेटते आन् मग कितीही दाबा, गाडी बैलबंडीच्या चालीनं वर जाते. बाजूला घ्यायची, चावी बंद, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू, की पिकअप जसाच्या तसा, लाईट मात्र दोन-तीन दिवस राहते. कधी आठ दिवस काही नाही, कधी एकाच घाटात दोनदा.

गाडी २०१८ ची बीएस फोर (धुराच्या नियमांचा जुना टप्पा), २.२ लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), मॅन्युअल, १ लाख ४ हजार किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण गाडीचा यात दोष नव्हता, उद्योग सगळे माझे. दसऱ्याच्या दोन दिवस आधी एकाच दिवशी दोन कामं केली. एअर फिल्टरचा मूळ डब्बा काढून तेल लावलेला कोन फिल्टर टाकला, आन् मागचा सायलेन्सर काढून अडीच इंची पाईपचा फ्री फ्लो, म्हणजे आतून मोकळा सायलेन्सर बसवला. पूजेच्या दिवशी झेंडूच्या माळा घालून गाडी चालू केली तर आवाज ऐकून गल्लीतली पोरं जमा झाली, आपणही खूश. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याच्या अलीकडं. दसऱ्यानंतर पहिल्याच रविवारी सगळे चिखलदऱ्याला निघालो, धामणगाव गढी सोडून वर चढायला लागलो तर मोथ्याच्या अलीकडच्या वळणांवर पहिल्यांदा हा प्रकार. मागं बसलेली सासू म्हणते, "जवाई, गाडीले काय झालं, आपण उतरून चालू काय?" तेव्हापासून डोक्यात किडा.

पुढचे तीन महिने काय काय करून पाह्यलं ते थोडक्यात. एका गॅरेजवर गेलो, त्यानं स्कॅनर लावला, कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर) उडवला, पैसे घेतले आन् म्हणाला झालं काम. सहाव्या दिवशी परत. दुसऱ्या ठिकाणी ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडते तो) साफ केला, काजळी निघाली हे खरं, एवढ्या किलोमीटरला निघतेच, पण नवव्या दिवशी परत. तिसऱ्यानं सरळ सांगितलं टर्बो गेला, नवीन टाका. आकडा ऐकून मी चहा न पिताच निघालो. टर्बो गेला म्हणून जे मिस्त्री पाच मिनिटात सांगतात त्यांनी टर्बोचा एक पाईपही हात लावून पाह्यलेला नसतो, हे मी आता खात्रीनं सांगू शकतो.

मग स्वतःच एक ब्लूटूथचा ईएलएम ३२७ स्कॅनर मागवला, मोबाईलवर ॲप टाकलं. कोड आला पी ०२९९. याचा अर्थ टर्बो खराब असा नाही, लोक इथंच फसतात. कॉम्प्युटरनं जेवढा बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब) मागितला तेवढा मिळाला नाही, एवढंच तो कोड सांगतो. का नाही मिळाला हे त्याला माहीत नाही. हवा पाईपातून गळत असेल, फिल्टर चोक असेल, टर्बोच्या ॲक्च्युएटरची (आतल्या पात्या हलवते तो भाग) व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, टर्बोच्या आतल्या पात्या काजळीनं जाम असतील, एमएएफ सेन्सर (आत किती हवा जाते ते मोजते तो) खोटं बोलत असेल, किंवा शेवटी, अगदी शेवटी, टर्बोच गेला असेल. आपली गाडी बूस्ट कमी पाहून स्वतःला वाचवायला पॉवर कापते, त्याला लिंप मोड म्हणतात, आन् चावी बंद केली की ती विसरून जाते आन् पुन्हा प्रयत्न करते. म्हणून चावी फिरवली की ठीक. कोड उडवणं म्हणजे मीटरमधली लाईट विझवणं, बाकी जागच्या जागी.

स्कॅनरवर दोन गोष्टी आधी पाहून घ्या, फुकट आहे. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅप सेन्सरवर (हवेचा दाब मोजते तो) बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाह्यजे. आमच्या सपाटीवर तो ९७-९८ किलोपास्कल येते, चिखलदऱ्यावर ११०० मीटरच्या आसपास उंची आहे तिथं ८८-८९ च्या जवळ. हा आकडा भलताच आला तर सेन्सरच चुकीचा, पुढं डोकं खपवू नका. माझा बरोबर होता. मग बाजूला एकाला मोबाईल धरून बसवलं (स्वतः चालवताना मोबाईल पाहू नका, घाट आहे तो) आन् चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली. मागणी २२५ किलोपास्कलची, मिळते १६०, दोन-तीन सेकंद तसंच आन् मग धप्प. म्हणजे १५०-१६० पर्यंत सगळं ठीक आन् त्याच्या वर कुठंतरी काहीतरी सुटते. हा धागा पुढं कामी आला.

आता धुराचं. हे कोणी सांगत नाही पण सगळ्यात सोपी तपासणी हीच आहे, मागच्या गाडीवाल्याला विचारा. पॉवर गेली आन् काळा धूर येते, तर बहुतेक टर्बोच्या पुढं हवा गळून राहिली: एमएएफ सेन्सरनं हवा मोजली, त्या हिशोबानं डिझेल टाकलं, पण हवा रस्त्यातच पळाली, डिझेल जास्त पडलं, धूर. पॉवर गेली आन् धूर अजिबात नाही, गाडी नुसती मठ्ठ, तर एमएएफ कमी आकडा सांगत असेल किंवा डिझेल फिल्टर चोक. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते, तेव्हा मात्र टर्बोच्या सीलवर संशय घ्या. माझा साळा मोटारसायकलवर मागून येत होता, त्याला विचारलं तर म्हणे, "भाऊजी, एखाद्या दिवशी काळा भुंगाट, एखाद्या दिवशी काहीच नाही." हे ऐकून मी आधी त्यालाच वेड्यात काढलं. नंतर कळलं का पोरगं बरोबर बोलत होतं, माझ्या गाडीत एक नाही दोन त्रास होते आन् कधी हा वर यायचा कधी तो.

पहिला त्रास कोन फिल्टरचा. २.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमवर, टर्बो धरलाच नाही तरी, मिनिटाला ३३०० लिटर हवा ओढते, म्हणजे आपले २०० लिटरचे सोळा-सतरा ड्रम, आन् टर्बो पूर्ण चालला की दुपटीच्या वर. ही हवा कुठून येते ते पाहा. मूळ डब्बा ग्रिलच्या बाजूनं बाहेरची थंड हवा घेते, मी लावलेला कोन बोनेटच्या आत इंजिनच्या बाजूला उघडा. बाहेर ४२ डिग्री आन् बोनेटमध्ये ७० धरली तर तीच हवा ८ टक्के पातळ झाली, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) थोडं सांभाळून घेते पण सगळं नाही. पॉवर वाढवायला लावलेला फिल्टर उन्हाळ्यात उलट पॉवर खाणार. त्यात आमच्याकडं दसऱ्याचा काळ सोयाबीनच्या सोंगणीचा, रस्त्याकडंला प्रत्येक वावरात हडंबा (मळणी यंत्र) चालू, भुशाचा धुराळा, त्यानंतर कापसाच्या गाड्या आन् जिनिंगपाशी उडणारी रुई. कागदाचा फिल्टर ही बारीक धूळ जास्त अडवते, तेल लावलेला जाळीचा थोडी जास्त सोडते. शिवाय दुकानात त्या पोरानं फिल्टरला तेल असं चोपडलं होतं जशी पुरणपोळीवर तुपाची धार. जास्तीचं तेल हवेसंगं ओढलं जाऊन एमएएफच्या बारीक तारेवर बसलं, त्यावर धूळ चिकटली, आन् सेन्सर कमी हवा सांगायला लागला.

एमएएफ साफ करायचा तर चावी बंद, प्लग काढा, दोन स्क्रू असतात, ते बहुतेक चांदणीच्या आकाराचे, साध्या पेचकसानं खराब करू नका. एमएएफचा वेगळा स्प्रे मिळते, तोच वापरा. कार्बोरेटर क्लीनर नाही, पेट्रोल नाही, ब्रश नाही, आन् काडीला कापूस गुंडाळून तर बिलकुल नाही, ती तार केसाएवढी असते. दहा-बारा फवारे मारा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. माझ्या तारेवर तपकिरी साय धरली होती. स्प्रे मारल्यावर गाडी खालच्या आरपीएममध्ये लगेच मोकळी झाली, मी गल्लीत दोन चकरा मारून बायकोला सांगून टाकलं की सापडलं. अकराव्या दिवशी घाटात परत. यावेळी काळा धूर, दर वेळी.

म्हणजे आता एकच त्रास उरला होता, गळतीचा. इथून सोपं झालं.

गळती शोधायला गावातल्या पंक्चरवाल्याकडं गेलो. हे तुम्हीही करू शकता, खर्च फार नाही. पीव्हीसी पाईपचं तीन इंची टोपण घ्या, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फिल्टर आन् एमएएफ काढून ठेवा आन् टर्बोकडं जाणाऱ्या रबरी पाईपात ते टोपण घालून क्लिप घट्ट आवळा. त्याच पाईपाला इंजिनकडून येणारी ब्रीदरची बारकी नळी असते, ती काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर हवा ऑइलच्या चेंबरमध्ये शिरते आन् सील उलटे होऊ शकतात. मग हळूहळू हवा भरा, १५ पीएसआयच्या वर जाऊ नका, ट्रकच्या टायरसारखी सोडली तर टोपण बंदुकीच्या गोळीवाणी सुटते, समोर तोंड धरू नका. थोडी हवा इंजिनच्या आतून फुसफुसत जातेच, डीपस्टिकपाशी आवाज आला तर घाबरू नका.

कटिंगवाल्याकडून पाण्याची फवारायची बाटली आणली, त्यात साबणाचं पाणी. ५ पीएसआय, काही नाही. ८, काही नाही. पंक्चरवाले काका म्हणाले, "काहून वेळ घालवतं बापू, पाईप चांगला हाये." १२ झाले आन् टर्बोतून इंटरकूलरकडं जाणाऱ्या जाड पाईपाच्या तोंडापाशी फुर्र असा आवाज, साबणाचा फेस बोटभर उंच. हवा सोडली, फेस बसला, पाईप पुन्हा एकदम शहाण्यासारखा. हात लावून हलवला तर हलतही नाही. म्हणून कोणालाच दिसत नव्हतं, कारण सगळे इंजिन बंद असताना नाहीतर उभ्या गाडीत नुसती रेस देऊन पाहून राहिले होते, आन् उभ्या गाडीत लोड नाही म्हणून बूस्टच बनत नाही.

क्लिप काढली तेव्हा खरं काय ते दिसलं. त्या धातूच्या नळीच्या तोंडाला एक गोल उंचवटा असते, अंगठीएवढा. रबरी पाईप त्या उंचवट्याच्या पलीकडपर्यंत चढवायचा आन् क्लिप उंचवट्याच्या मागं बसवायची, म्हणजे पाईप कितीही फुगला तरी उंचवटा त्याला अडवते. माझी क्लिप बरोबर उंचवट्याच्या डोक्यावर बसवलेली होती. वरून घट्ट दिसते, पण धरते ती एका रेघेवर. कोन फिल्टर बसवताना जागा होत नव्हती म्हणून त्या दिवशी हा पाईप काढला होता आन् परत घालताना तीन-चार मिलीमीटर कमी चढवला. वर मूळची क्लिप न लावता पाण्याच्या मोटारीच्या पाईपाला लावतो तसली पेचकसानं आवळायची बारकी क्लिप. आतून पाईप ऑइलच्या वाफेनं बुळबुळीत, थोडं ऑइल तिथं असतेच. दाब ८ च्या वर, १२ पीएसआयच्या जवळ गेला की ओठ उघडल्यासारखा पाईप उघडायचा, दाब गेला की मिटायचा. माझ्या गाडीचा पूर्ण बूस्ट (२२५ मधून बाहेरच्या हवेचे ९७ वजा केले की) १८-१९ पीएसआय होते, म्हणजे सपाट रोडवर पाचव्या गिअरमध्ये आरामात चालवली तर कधी कळणारच नाही.

उपाय एवढाच: पाईप काढला, आतून आन् नळीवरून ऑइल कपड्यानं पुसून कोरडं केलं, पूर्ण चढवला, टी बोल्टची रुंद क्लिप आणून उंचवट्याच्या मागं आवळली. पाईप मात्र तोंडापाशी थोडा चिरला होता म्हणून नंतर बदलला. एमएएफ परत एकदा फवारला आन् मूळ डब्बा आन् कागदाचा फिल्टर लावला. त्यासंगं व्हॅक्यूमच्या नळ्या हातानं वाकवून पाह्यल्या, जुनी नळी वाकवली की टोकाला बारीक भेगा दिसतात, एक सापडली, मीटरभर नळी आणून कापून लावली. टर्बो तोच आहे, ज्याला नवीन टाका म्हणून सांगितलं होतं.

सायलेन्सरचं राहिलं. खरं सांगू का, टर्बो डिझेलमध्ये नुसता मागचा सायलेन्सर बदलून पॉवरमध्ये कळण्यासारखं काही होत नाही. दोन इंचीचा अडीच इंची पाईप केला की आतली जागा ५६ टक्के वाढते, ऐकायला लय भारी, पण खरी अडवणूक टर्बो आन् कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपाशी (धूर साफ करणारा डब्बा) असते, शेवटच्या डब्ब्यात थोडीच. वाढते तो आवाज. चार सिलेंडरचं इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला साधारण ६७ ठोके देते, आन् नेमका तोच घुमणारा सूर पाचव्या गिअरमध्ये ८०-८५ ला गाडीत भरतो, कान दाबल्यासारखे होतात, नागपूरपर्यंत गेलो तर डोकं धरते. मूळ सायलेन्सरमधले कप्पे तेवढ्यासाठीच असतात. वेल्डिंगवाल्यानं रबरी टांगणी एक कमी लावली होती, पाईप खड्ड्यात हलून फ्लॅंजची (पाईपाच्या जोडाची) गॅस्केट उडाली, तिथं काळी रेघ उठली. मागच्या बाजूची अशी गळती पिकअप कमी करत नाही पण धूर गाडीत येऊ शकते, पोरं मागं झोपलेली असतात, तेव्हा काळी रेघ दिसली की गॅस्केट लगेच बदला. सकाळी थंड इंजिनवर मागचं तोंड कपड्यानं क्षणभर दाबा, गळती असेल तिथून फुसफुस ऐकू येते.

कायद्याचंही डोक्यात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार आरसीवर लिहिलेलं मूळ रूप बदलता येत नाही. आवाज आन् धुराच्या नियमांसाठी कलम १९०(२) मध्ये पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन्हीही होऊ शकते, आन् लायसन्स तीन महिने जाते ते वेगळं. पीयूसीच्या धूर तपासणीत बीएस फोर डिझेलच्या धुराच्या काळेपणाची हद्द १.६२ आहे, बूस्ट गळत असताना काळा धूर ओकणारी गाडी तिथं पास होईल याच्या भरोशावर राहू नका. मी मूळ सायलेन्सर परत लावला. घुमणं गेलं, पिकअप एक इंचही कमी झाला नाही.

ज्यांची गाडी बीएस सिक्स, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, त्यांनी माझ्यासारखं काही करायच्या आधी डीपीएफ (धुराच्या पाईपातला फिल्टर) समजून घ्या. ते काजळी धरते आन् मधूनमधून तापून जाळते, त्यासाठी आत ६०० डिग्रीच्या जवळ जावं लागते. गावातून वावरात तीन किलोमीटर आन् वावरातून गावात तीन किलोमीटर अशी चालणारी गाडी कधी तापतच नाही, जाळणं अर्धवट राहते, लाईट येते, आन् जास्त टाकलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून डीपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश नका होऊ. लाईट नुकतीच आली असेल तर हायवेवर २०-३० मिनिटं ६० च्या वर, इंजिन २००० च्या आसपास राहील अशा गिअरमध्ये न थांबता चालवा. डीपीएफ काढून सरळ पाईप टाकून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, सेन्सर गप्प बसत नाही आन् वरचा कायदा तर आहेच.

मंग नवीन माणसानं पहिल्यांदा करावं काय. मला आता जे कळलं त्यानुसार सगळ्यात जास्त फरक पडते तो जुनं नीट करण्यात. कागदाचा फिल्टर, तोही आमच्याकडच्या धुळीत कंपनी सांगते त्याच्या अर्ध्या किलोमीटरला, आन् हवेनं फुंकायचाच तर आतून बाहेर, हलक्या दाबानं. डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी सोडायचा बोल्ट असते तो पावसाळ्यात उघडून पाहा, विशेषतः कॅनमधून डिझेल भरत असाल तर. टायरची हवा. छतावरचा कॅरिअर वापरत नसाल तर उतरवा. टायर मोठे घालायची हौस असेल तर हिशोब करून घ्या: २३५/६५ आर १७ च्या जागी २६५/६५ घातले की चाक ५ टक्क्यांच्या वर मोठं होते, मीटरवर ८० तेव्हा गाडी खरी ८४ ला, आन् प्रत्येक गिअर तेवढाच लांब, म्हणजे चढावर पिकअप घालवलाच. आमच्या शेजाऱ्यानं टायर मोठे करून मग थ्रॉटलचा डब्बा लावला, तो डब्बा फक्त पेडलचा सिग्नल पुढं ढकलते, अर्धं दाबलं की पाऊण दाबलं असं इंजिनला सांगते, पॉवर एका दाण्यानं वाढत नाही. खरी पॉवर रिमॅपनं (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून) वाढते, त्यात शंका नाही, पण टॉर्क वाढला की लाखभर चाललेला क्लच आधी सरकायला लागते, आन् बूस्ट गळणाऱ्या गाडीवर रिमॅप केला तर नुसता धूर वाढते. तेव्हा ते सगळ्यात शेवटी, तेही वर सांगितलेली साबणाच्या पाण्याची तपासणी करूनच.

आन् एका वेळी एकच गोष्ट बदला, मधे पाचशे किलोमीटर चालवा. मी एकाच दिवशी दोन केल्या म्हणून तीन महिने कोणता त्रास कोणाचा ते कळलं नाही.

क्लिप लावल्यापासून चिखलदऱ्याला तीनदा जाऊन आलो, एकदा तर सहा माणसं आन् वर संत्र्याची चार कॅरेट. स्कॅनर लावूनच ठेवला होता, मागणी २२५, मिळते २२०-२२२, कोड नाही. रबरी पाईप तापून थोडा दबते म्हणून नवीन क्लिप पाचशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर एकदा आवळून पाहा. माझी अर्धा आटा फिरली.